कुंकू लागलेला चौकोन

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी पंखा नाही. सावरगावात लाईन गेली की प्रेमलताबाई मलाच उचलतात आणि नातीला वारा घालत बसतात, त्यामुळे तुमचाही तसाच समज व्हायचा. माझ्या कडा वाकल्या आहेत, एका कोपऱ्यावर वरणाचा डाग आहे, आणि पोटात, प्लॅस्टिकच्या आत, एक लाल ठिपका आहे. तो ठिपका ध्यानात ठेवा. मी एक जुना कागद आहे, लस घेतल्याचा दाखला. एके काळी माझ्यावाचून माणसाला नाका ओलांडता येत नव्हता. आज हे सांगितलं तर पोरंसोरं हसतात.

माझा जन्म जाम नदीच्या पलीकडे, पांढुर्ण्याच्या बाजारात, वैभवच्या कॉम्प्युटरच्या दुकानात झाला. पण माझी गोष्ट सुरू होते ती त्याच्याही आधी, एका सुईपासून.

प्रेमलताबाईंना सुईची भारी धास्ती. वावरात साप निघाला तर काठी घेऊन त्याच्या मागे धावतील, पण सुई म्हटली की हातपाय गार. त्यातून गावात तेव्हा नाही नाही त्या वावड्या उठलेल्या. कोणी म्हणे ताप येऊन माणूस जातो, कोणी म्हणे हात लुळा पडतो. बाईंनी ठरवूनच टाकलं होतं, मी काही टोचून घेत नाही. पण एक दिवस नागपूरहून लेकीचा, दामिनीचा फोन आला.

"आई, बाळंतपणाले दवाखान्यात एकाच बाईले माह्याजवळ राहू देतात. तिचे दोन्ही डोस पायजेत. तू नाई घेतले तं या वेळीही मी एकटीच राहीन."

"या वेळीही" हे दोन शब्द बाईंच्या काळजात रुतले. मागच्या साली सगळं बंद होतं. गाड्या बंद, नाके बंद, नागपूर कधी नव्हे ते परमुलखासारखं झालेलं. दामिनीचं पहिलं बाळंतपण त्याच दिवसांत झालं आणि बाळ राहिलं नाही. लेक फोनवर रडत होती, आणि माय इकडे सावरगावच्या अंगणात फोन कानाला लावून नुसती उभी. आईला लेकीच्या पाठीवर हात फिरवता आला नाही. हे दुःख त्या घरात कोणी बोलून दाखवत नसे, पण ते रोज ताटावर बसत असे.

म्हणून बाई उठल्या आणि लस टोचून घ्यायला केंद्रावर गेल्या. तिथल्या प्रज्ञा सिस्टरने दंड पुसला आणि म्हणाली, "मावशी, डोळे मिटा आन लेकीचं तोंड आठवा."

बाईंनी डोळे घट्ट मिटले. थोड्या वेळाने विचारलं, "टोचणार हायस का नाई वं?"

"झालं बी, मावशी. उठा."

"बाप्पा! आन मी उगीच इतके दिवस भेली!"

पुढे यथावकाश दुसरा डोसही झाला. आता आश्चर्य ऐका, मित्रांनो. मला ते अजून पुरतं उमगलेलं नाही. एका लहानशा खोलीत एका बाईच्या दंडावर सुई टोचली, एवढीशी ती गोष्ट. सिस्टरने बोटाने काहीतरी दाबलं आणि ती गोष्ट उडाली. कुठल्या दूरच्या यंत्रात जाऊन पोचली. तिथे तिच्यावर एक सही झाली. ही सही शाईची नाही, हाताची नाही, कोणाला तिची नक्कल करता येत नाही. मग ती गोष्ट काळ्या-पांढऱ्या दाण्यांच्या एका चौकोनात बसली आणि दामिनीच्या फोनवर उतरली. नाव दामिनीच्याच नंबरावर नोंदवलं होतं, कारण केशवरावांचा, म्हणजे बाईंच्या मालकांचा फोन बटणांचा. दामिनीने ते परस्पर वैभवच्या दुकानात पाठवलं, वैभवने मशीन चालू केली, आणि गरमागरम पोळीसारखा मी बाहेर आलो.

खरं सांगू? मला तेव्हा माझा तो चौकोन मुळीच आवडला नाही. वर कसं छान छापलेलं नाव, तारखा, सगळं ओळीत. आणि खाली हा मुंग्यांचा घोळका! मला वाटलं, मशीन बिघडली असेल.

प्रेमलताबाईंना मात्र तोच आवडला. "पाय वं माय, कशी ठिपक्यांची रांगोळी काढली सरकारनं," असं म्हणत त्यांनी मला घरी नेलं आणि देवापुढे ठेवलं. त्या घरात नवी वस्तू देवाला दाखवल्याशिवाय वापरत नाहीत. फवाऱ्याचा पंप असो की हेमराजची, त्यांच्या लेकाची, मालाची गाडी असो, कुंकू लागल्याशिवाय ती कामाला लागत नाही. बाईंनी बोट ओलं केलं, करंड्यात बुडवलं आणि त्या रांगोळीच्या बरोबर मधोमध टेकवलं. मग माझ्यावर तळहात ठेवून त्या देवाशी बोलल्या. काय बोलल्या ते माझ्यापर्यंत हाताच्या उबेतून पोचलं. या वेळी पोरीपाशी पोचव, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मला प्लॅस्टिकमध्ये बसवायला नेलं, तर वैभवने कपाळावर हात मारला.

"काकू, हे काय करून आणलं? मधातच कुंकू!"

"काहून? नवी गाडी आणली का तिले लावत नाई तू?"

"गाडीची गोष्ट अलग हाय ना, काकू. हा चौकोन फोननं वाचाचा असते. थांबा, दुसरा काढून देतो." त्याने फोन चाळला, पण रोजच्या गर्दीत दामिनीने पाठवलेली फाईल त्याने केव्हाच पुसून टाकली होती. "दामिनीताईले पुन्हा पाठवाले सांगा."

"दुसरा नको मले. मी याच्यावर हात ठेवून देवापाशी बोलली. हाच पायजे. चालव तुही मशीन."

वैभव काय करणार! त्याने मान हलवली आणि मला तापलेल्या रुळांतून काढलं. कुंकू आत, प्लॅस्टिक वर. आता ते ना पुसता येणार होतं ना झटकता.

हिवाळ्याच्या तोंडावर आंबिया बहाराची संत्री तोडायला आली होती तेव्हाची गोष्ट. दिवस उजाडता उजाडता दामिनीच्या नवऱ्याचा, नितीनचा फोन आला. दामिनीला दवाखान्यात भरती केलं होतं. तिचा फोन बंद, तो तिच्याच पिशवीत आत. "आईंना लवकर आणा," एवढंच तो म्हणाला. हेमराजने गाडी काढली. केशवरावांनी संत्र्यांची पिशवी गाडीत ठेवली आणि बायकोला म्हणाले, "अवं, दाखला घेतला का?" बाईंनी मला पोटाशी धरून दाखवलं.

उन्हं वर येता येता आम्ही राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर पोचलो. उघड्यावर एक टेबल मांडलेलं, आणि टेबलामागे अलका नावाच्या हवालदारबाई हातात फोन घेऊन उभ्या. आमच्या पुढे एक माणूस होता. त्याने दुसऱ्याच्या दाखल्यावर आपलं नाव छापून आणलं होतं. कागद माझ्यापेक्षा कोरा करकरीत. पण अलकाबाईंनी चौकोनावर फोन धरला मात्र, पडद्यावर खऱ्या माणसाचं नाव आलं. वरची छपाई त्याच्या बाजूने बोलत होती, चौकोन मात्र खोटं बोलायला तयार नव्हता. मी पाहतच राहिलो. ज्याला मी मुंग्यांचा घोळका म्हणत होतो तो एवढा सच्चा! माझ्याही पोटात असाच एक आहे, हे कळून माझी मलाच भीती वाटली आणि मानही ताठ झाली.

मग आमची पाळी आली. हेमराजचा दाखला त्याच्या फोनमध्ये होता, तो झटकन वाचला गेला. मला टेबलावर ठेवलं. अलकाबाईंचा फोन माझ्यावर आला, थांबला, शोधत राहिला. काही नाही. त्यांनी मला फिरवून ठेवलं. तरी काही नाही.

"मावशी, हा नाई वाचून राहिला. हे लाल काय हाय?"

"कुंकू हाय, बाई."

"चौकोनावर कुंकू? आताच पाह्यलं ना तुम्ही, लोक काय काय करून आणतात. वाचला नाई तं मी सोडू शकत नाई. फोनमध्ये असंन तं दाखवा."

हेमराज म्हणाला, "मॅडम, ते बहिणीच्या फोनवर हाय, आन ती दवाखान्यात. तिची डिलिव्हरी होऊन राहिली." वैभवने फाईल पुसून टाकल्याचं त्याला कुठे ठाऊक! त्याने वैभवला फोन लावला. घंटा नुसती वाजत राहिली. दुकान उघडायला अजून अवकाश होता.

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. बाईंचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. "माह्याच हातानं केलं मी," त्या म्हणाल्या. "माह्याच बोटानं पोरीची वाट बंद केली. मागच्या साली सरकारनं अडवली होती, औंदा मीच अडवली."

"आई, तसं नको बोलू ना," हेमराज म्हणाला. पण बाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी बांगडीत अडकवलेली पिन सोडली आणि ती उघडून टेबलाशी आल्या. प्लॅस्टिक फाडून कुंकू खरवडायचं त्यांनी ठरवलं होतं. देवाचं कुंकू! ज्यासाठी त्या वैभवशी भांडल्या होत्या, तेच! "देव समजून घेईन," त्या पुटपुटल्या. "तोही कोणाचा तं बाप असंन."

मित्रांनो, त्या वेळी मी जेवढा भ्यालो तेवढा पुन्हा कधी भ्यालो नाही. माझी शाई प्लॅस्टिकला चिकटलेली. ते उपटलं असतं तर कुंकवाबरोबर दाणेही निघून आले असते, आणि मग मी कायमचा मुका. ओरडावंसं वाटत होतं, पण कागदाला कुठला गळा?

सकाळचं ऊन थेट टेबलावर पडत होतं. प्लॅस्टिक असं चमकत होतं की बाईंना पिन नेमकी कुठे टोचावी तेच दिसेना. म्हणून त्या वाकल्या, आणि डावा हात वर करून त्यांनी पदर पुढे ओढला. पदराची सावली माझ्यावर पडली. चमक विझली. अलकाबाईंच्या हातातला फोन अजून माझ्यावरच धरलेला होता.

टुंग!

सगळेच दचकले. अलकाबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा पडद्याकडे. पडदा हिरवागार झाला होता. त्यावर प्रेमलताबाईंचं नाव, दोन्ही डोस.

"मावशी! पिन ठेवा, पिन ठेवा! वाचला!"

"वाचला? कुंकू असून?"

"कुंकवाचं काहीच नव्हतं हो. ऊन होतं ते, प्लॅस्टिकवर चमकून राहिलं होतं. आमाले शिकवताना सांगतलं होतं, या चौकोनात थोडं झाकलं गेलं तरी बाकीचे दाणे मिळून ते भरून काढतात. पण इतकं कुंकू झाकूनही वाचते, हे मी आज पाह्यलं." आणि मग त्या जरा ओशाळून म्हणाल्या, "जा मावशी, लवकर जा. पोरगी वाट पाहत असंन."

बाईंनी मला उचलून कपाळाला लावलं. पिशवीतून एक संत्रं काढून अलकाबाईंच्या हातात कोंबलं. त्या "नको, ड्यूटीवर हाय" म्हणत राहिल्या आणि गाडी सुटलीसुद्धा.

मी बाईंच्या मांडीवर होतो. सारी वाट मी एकच विचार करत होतो. माझ्या आत असं काही आहे का, की एक दाणा झाकला गेला तर शेजारचे दाणे त्याची गोष्ट सांगतात? छापून निघाल्यापासून ते माझ्याच पोटात होतं आणि मला पत्ता नव्हता! इवल्याशा काळ्या दाण्यांनी एका मायचं खरं धरून ठेवलं होतं. अबब!

दवाखान्याच्या दारावरच्या गार्डाने हात पुढे केला, तर बाई त्याच्याआधीच तयार. मला एका हातात धरलं, दुसऱ्या हाताने पदराचं छत केलं आणि ऐटीत म्हणाल्या, "घ्या भौ, सावली केली. आता वाचा." गार्डाला काही कळलं नाही, पण फोन वाजला आणि दार उघडलं.

आत दामिनी कळांनी पिळवटलेली. आईला पाहताच तिने हात तेवढा पुढे केला. बाईंनी मला उशाशी टाकलं आणि तो हात दोन्ही हातांत धरला, तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. संध्याकाळी एक मुलगी रडली. एवढ्या मोठ्याने रडली की सगळा मजला ऐकत राहिला, आणि दामिनी हसत होती, आणि प्रेमलताबाई रडत होत्या, आणि मला उशाशी पडल्या पडल्या वाटलं की मीही थोडासा ओला झालो आहे.

त्यानंतर माझं काय झालं? तेच, जे सगळ्यांचं होतं. नाक्यावरचं टेबल उठलं. दाखला मागणारा कोणी राहिला नाही. माझ्यासारखे किती कागद रद्दीत गेले, किती फोनमधून पुसले गेले. हेमराज म्हणतो, "आई, फेक ना तो आता." त्यावर बाई म्हणतात, "तुलेच फेकीन." मी भिंतीवरच्या खिळ्यावरून कपाटात, कपाटातून उशीखाली, आणि शेवटी पंखा होऊन हातात आलो. वाईट वाटतं का? कधी कधी वाटतं. पण वारा घेणाऱ्या त्या चिमुकल्या कपाळाकडे पाहिलं की वाटतं, राहू दे.

ती नात आता चांगली बडबडी झाली आहे. दिवाळीला आजोळी आली की आजीला माझी गोष्ट सांगायला लावते. परवा तिने मला अंगणात नेलं, भर उन्हात ओट्यावर ठेवलं. मग धावत जाऊन आजीचा पदर ओढत आणला आणि माझ्यावर धरला. ओणवून, नाक माझ्या चौकोनाला टेकवून म्हणाली, "आजी, पाह्य ना, आता दिसते!"

तिला अजून वाचता येत नाही. माझ्यावरची शाईही फिकी होत चालली आहे. पण मित्रांनो, खोटं छापून मिरवणारे कागद पुष्कळ निघतील, त्यांना तुम्ही बळी पडू नका. आणि कुठे एखादा डागाळलेला, चुरगळलेला, खरा कागद उन्हात पडलेला दिसला, तर फेकण्याआधी त्याच्यावर जरा सावली धरून बघा.