रिकामे चार ठोके

कॉर्डेल मॅब्रीच्या मागे कुठलीही रेकॉर्ड कंपनी नव्हती. ही गोष्ट तो लपवत तर नसेच, उलट त्याने ती आपल्या व्हॅनच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या अक्षरांत रंगवून घेतली होती. एकवीस वर्षांत चौदा अल्बम. सगळे स्वतः लिहिलेले, स्वतःच्या गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलेले आणि याच व्हॅनमधून विकलेले. रेडिओवाल्यांनी त्याला कधी विचारलं नाही आणि त्यानेही त्यांच्या दारी खेटे घातले नाहीत. मिसिसिपीत आणि शेजारच्या अलाबामात जिथे म्हणून चार माणसं जमतील असा हॉल होता, तिथे तो गाऊन आला होता. वय त्रेचाळीस, पोट सुटलेलं, आवाज मात्र पूर्वीपेक्षा भरदार. आपण उत्तम रॅप करतो याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, आणि त्याचा तो ठामपणा ऐकणाऱ्यांनाही आवडायचा.

'गाव सांग' हे नवं गाणं तर त्याच्या मते आजवरचं सगळ्यात खणखणीत. पण इकडे गाणं नुसतं खणखणीत असून भागत नाही, ते मावश्यांनी उचलायला हवं. साठी-सत्तरीच्या बाया रांगा करून एकाच तालावर, एकाच पावलावर नाचतात. त्यांनी एकदा का एखादं गाणं आपलं म्हटलं, की मग ते प्रत्येक लग्नात, प्रत्येक कुटुंबाच्या मेळाव्यात, परसात मांस भाजण्याच्या प्रत्येक बेतात पुढची वीस वर्षं वाजत राहतं. नाही म्हटलं, तर ते व्हॅनमध्येच पडून राहतं.

आणि कुठलं गाणं उचलायचं ते ठरवायची मिस व्हर्नेल गॅस्किन. मेरिडियन शहरात तीस वर्षं शाळेची बस चालवलेली, अडुसष्ट वर्षांची, सडपातळ आणि कडक बाई. येत्या शनिवारी जॅक्सनला दोन हजार बायकांसमोर ती एकच नवा नाच शिकवणार होती. दोन नाही, एकच. म्हणून मंगळवारी सकाळी कॉर्डेल आपला चुलतभाऊ टार्व्हिस, एक लॅपटॉप आणि छातीएवढा उंच स्पीकर घेऊन तिच्या नाचाच्या वर्गात हजर झाला.

साठेक बाया बुटांच्या नाड्या आवळून उभ्या होत्या. गाणं सुरू झालं. मिस व्हर्नेलने शब्दांकडे लक्षच दिलं नाही, ती बायकांच्या पायांकडे बघत होती. पाय आपोआप हलू लागले, तसे तिने पुढे होऊन दोन-तीन पावलं दाखवली, आणि बघता बघता सगळ्या रांगा डोलायला लागल्या. कॉर्डेल मनात म्हणाला, झालं आपलं काम. तेवढ्यात गाण्यात ती जागा आली. आवाज थांबला, ढोल थांबले, चार ठोके नुसते मोकळे गेले. आणि नाचाचा पार विचका झाला. निम्म्या बाया खिडकीकडे तोंड करून, निम्म्या दाराकडे, आणि दोघी एकमेकींवर आदळून हसत सुटलेल्या.

मिस व्हर्नेलने हात वर केला. "बाळा, गाणं झकास आहे. मधले ते चार ठोके काढून टाक."

नाच बत्तीस ठोक्यांचा असतो, तिने समजावलं. बत्तीस मोजून झाले की सगळ्यांनी पुढच्या भिंतीकडे वळायचं. मध्येच चार जास्त आले की सगळ्याजणी अधांतरी. शिवाय माझ्या बायकांचे गुडघे थकलेत, ते असले अपवाद लक्षात ठेवत नाहीत. टार्व्हिसने तोवर लॅपटॉप उघडलासुद्धा होता. दोन मिनिटांचं काम आहे, तो हळूच म्हणाला, कुणाला कळणारही नाही.

कॉर्डेलला मोह झाला नाही असं नाही, चांगलाच झाला. दोन हजार बाया त्याच्या डोळ्यांपुढे नाचायला लागल्या. पण बावीस वर्षांमागे अटलांटातल्या एका कंपनीने त्याला करारावर सही करायला बसवलं होतं आणि वर सांगितलं होतं, की गाण्यात अटलांटाचा आहेस असं म्हण, तुझं मेरिडियन कुणाला माहीत आहे? पेन तिथेच टाकून तो बसने घरी आला होता. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात तो एकदा मध्येच थांबायचा आणि समोरचे लोक आपापल्या गावाचं नाव ओरडायचे. या गाण्यात ती थांबायची जागा त्याने पहिल्यांदाच रेकॉर्ड केली होती.

"ते चार नाही निघणार, मिस व्हर्नेल."

"मग ने तुझं गाणं परत. टायलरटाउनच्या एका पोराचं आलंय माझ्याकडे. त्याला निदान मोजता तरी येतं."

"मलाही येतं. मोजूनच सोडलेत ते. एकदा माझ्या पद्धतीनं करून बघा. ती जागा आली की पाय हलवायचे नाहीत, फक्त आपल्या गावाचं नाव ओरडायचं. नाही जमलं तर मीच स्पीकर उचलून निघतो."

"या वयात ओरडायचं? चर्चला जाणाऱ्या बायका आहेत या."

"चर्चमध्ये का कमी ओरडतो आपण?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळा हॉल हसला. मिस व्हर्नेल हसली नाही, पण तिने बोटाने खूण केली. लाव.

पहिल्या खेपेला चार-पाच जणींनी चोरट्या आवाजात मेरिडियन म्हटलं. दुसऱ्या खेपेला क्विटमन आलं, डी काल्ब आलं, इथल्याच मिसिसिपीतल्या फिलाडेल्फियावालीने तर छप्पर उचललं. रांगा मोडल्या नाहीत, सगळ्या नीट पुढच्या भिंतीकडे वळल्या. मिस व्हर्नेल पुढे उभी राहून ओठ मिटून मोजत होती.

तिसऱ्या खेपेला तिने तोंड उघडलं. "ओक बेंड."

पन्नास पोरांची बस गप्प करणारा तो आवाज होता. कॉर्डेलने दोन्ही राज्यांतली गावं पायाखाली घातली होती, पण हे नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं. गाणं संपल्यावर त्याने विचारलं, हे कुठे आलं?

"तळ्याखाली," मिस व्हर्नेल म्हणाली. "मी सात वर्षांची होते. धरण बांधलं, आधी थडगी हलवली, मग आम्हाला. आई होती तोवर घरात नाव निघायचं. ती जाऊन बावीस वर्षं झाली." ती टॉवेलने मान पुसत राहिली. "मोठ्यानं मी कधी म्हटलंच नव्हतं."

शेवटच्या रांगेतून एक ठेंगणी बाई पुढे आली. मिस ओलीन टकर तिचं नाव. सहा वर्षं दर मंगळवारी ती या वर्गात मागे उभी राहून नाचत होती.

"व्हर्नेल," ती म्हणाली, "आमचं घर तिथल्या गिरणीच्या पलीकडे होतं."

मिस व्हर्नेलने तिचा हात धरला, तिला पहिल्या रांगेत आणून आपल्या शेजारी उभं केलं आणि ती कॉर्डेलकडे वळली.

"बाळा, चार ठोक्यांत माझं भागत नाही. आठ कर."

एकवीस वर्षांत कॉर्डेलने आपल्या गाण्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. टार्व्हिस लॅपटॉप मिटत होता. कॉर्डेल तो परत उघडून त्याला म्हणाला, "आठ कर."