सोमवारचा भाव

शुक्रवारी सकाळी ड्वेनने मला तिसऱ्यांदा नाही म्हटलं.

"मार्लिस, बाजार एकतीस म्हणतोय. शंभरात एकतीस! तेवढ्यासाठी मी चाळीस माणसं शेतावरून बोलावू? गेल्या वर्षीही तू असाच गोंधळ घातलास आणि तळघरात थेंब आला नाही. लोक तुला अजून त्या महापुरातल्या नोहाची बायको म्हणतात."

"म्हणू देत," मी म्हटलं आणि फोन आपटला.

आमच्या ग्रंथालयाच्या तळघरात गावच्या साप्ताहिकाचे एकशे बारा वर्षांचे बांधीव अंक आहेत. दुसरी प्रत जगात कुठे नाही. पुलाजवळच्या मोजपट्टीवर नदी बावीस फुटांना लागली की पाणी तळघरात शिरणार. एकेक खंड असा जड, की माझ्या एकटीच्या कंबरेचं ते काम नव्हे. आणि स्वयंसेवकांची यादी ड्वेनकडे, कारण तो ग्रंथालय मंडळाचा अध्यक्ष. त्याने आपली अक्कल बाजाराकडे गहाण टाकलेली.

बाजार म्हणजे आमच्या कॉलेजने चालवलेला अंदाजांचा बाजार. 'रविवारी दुपारपर्यंत नदी बावीस फूट गाठेल का?' गाठली तर 'हो'च्या चिठ्ठीला एक डॉलर, नाही तर शून्य. अर्धं गाव त्यात दोन-चार डॉलर टाकतं, आणि त्याचा आकडा बहुतेक वेळा खरा निघतो, हे मलाही कबूल आहे. म्हणून तर मी हादरले होते. वरच्या खोऱ्यात मंगळवारपासून धो धो कोसळत होतं आणि आकडा एकतीसवरून हलत नव्हता.

तेवढ्यात ऑर्व्हिल टेस्डाल आले. वय एक्क्याऐंशी. तीस वर्षं शिकागोत मक्याच्या सौद्यांत घसा फोडून ओरडलेला माणूस, आता रोज आमच्याकडे फुकटची कॉफी प्यायला येतो. त्यांच्यासारखा भाव वाचणारा मी दुसरा पाहिलेला नाही.

"एरंडेल प्यायलीस का गं?"

मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"पोरी, तू नुसता मोठा आकडा बघतेस. शेवटच्या दोघांचं जिथे जमलं, तो हा आकडा. खालच्या रांगा बघ. ही 'हो' घेणाऱ्यांची, ही विकणाऱ्यांची."

"'हो' विकणारा म्हणजे?"

"म्हणजे 'नाही' घेणारा. तू 'हो'ला एकतीस सेंट देतेस, समोरचा 'नाही'ला एकोणसत्तर. मिळून डॉलर भरला की सौदा झाला. भाव कॉलेज ठरवत नाही, कोणीच ठरवत नाही. दोन रांगा जिथे भिडतात तिथे तो असतो."

इतकं सोपं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. घेणाऱ्यांची रांग लांबलचक होती: तिसाला वीस चिठ्ठ्या, एकोणतिसाला चाळीस, सगळी बारीक गिऱ्हाइकं. विकणाऱ्यांत एकतिसाला एकच जण, सातशे चाळीस चिठ्ठ्या घेऊन बसलेला. त्याच्यानंतर थेट अठ्ठावन्न.

"बघ, अख्खं गाव एका भिंतीला धडका देतंय," ऑर्व्हिल खुशीत म्हणाले. "हा उठला की भाव अठ्ठावन्न."

"पण याला एवढी खात्री कशी?"

"नाव दिसत नाही, वेळ दिसते. एकाच भावाला दोघं आले तर आधी आलेल्याचा नंबर आधी, म्हणून वेळ लिहितात." त्यांनी चष्मा वर केला. "सोमवार, दुपारी चार. अगं, हा पावसाच्या आधीचा! हे मत नव्हे, लावून विसरलेला सौदा आहे. सातशे चाळीस उरल्यात, म्हणजे मुळात हजार असणार. कोण गाढव हा..."

त्यांनी कप खाली ठेवला.

"हजार," ते हळूच म्हणाले. "मार्लिस, हा मीच. मंगळवारी मागे घेतला होता मी. घेतला, असं वाटत होतं मला."

तीस वर्षांत एक सौदा विसरलो नाही, हे त्यांनी मला शंभरदा ऐकवलं होतं. त्यांनी आपलं खातं उघडलं आणि उरलेल्या चिठ्ठ्या मागे घेतल्या. कोणीतरी अठ्ठावन्नला घेतलं, मग कोणी एकसष्टला, मग सहासष्टला. दहा मिनिटांत ड्वेनचा फोन आला.

"मार्लिस, आकडा बघितलास? निघालोच मी. शाळेची पोरंही आणतो."

संध्याकाळपर्यंत एकशे बारा वर्षं हातोहात वर आली. साखळीत ऑर्व्हिलही उभे होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. रविवारी सकाळी नदी बावीस फूट चार इंचांवर गेली आणि तळघरात गुडघाभर पाणी झालं.

दुपारी सगळे वर कॉफी प्यायला जमले. रूबार्बचा केक तोंडात कोंबत ड्वेन म्हणाला, "पण एकतीसला ठाण मांडून बसलेला तो गाढव कोण होता रे?" हशा पिकला. नावं गुप्तच राहतात. मी खाली बघत राहिले.

ऑर्व्हिल उठले, टोपी काढली. "मी. सोमवारी लावलं आणि विसरलो. हल्ली विसरतो मी. असा अडून बसलेला आकडा दिसला, तर तो माझा समजा आणि आधी त्याची तारीख बघत जा."

कोणी हसलं नाही. ज्याची सगळी पत स्मरणावर उभी होती, तो माणूस हे चारचौघांत म्हणाला. मला जमलं नसतं.