अनोळखी डिव्हाइस

प्रल्हाद सावंतने काही शिकायचं मनावर घेतलं की घरातल्यांनी जरा जपून राहावं लागतं. मागे तो ब्रेड भाजायला शिकला तेव्हा महिनाभर सगळ्यांनी दगड चावले. या वेळी लिनक्स होतं. जुन्या लॅपटॉपवर विंडोज चालेना, नवा घ्यायचं जिवावर आलेलं. ऑफिसातला सुजीत म्हणाला, लिनक्स टाक, फुकट आहे. फुकट हा शब्द कानावर पडल्यावर त्याला आवरणं बायकोच्या, अर्चनाच्या हातात राहिलं नाही.

लिनक्स बसलं, पण त्यावर नेट टिकेना. आखातातल्या अल मनखूलमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये बायकोचा फोन, मुलीचा लॅपटॉप, हॉलमधला टीव्ही, सगळं सुरळीत चालायचं. याच्याच मशीनचं नेट दर पाच-दहा मिनिटांनी तुटायचं. शुक्रवारी दुपारी ऑफिस सुटलं की प्रल्हाद टर्मिनल उघडून बसायचा. टर्मिनल म्हणजे एक काळी खिडकी, तिच्यात हुकूम टाइप करायचे. ऑफिसात जन्मभर दुसऱ्यांचे हुकूम झेलणाऱ्या माणसाला ते फार आवडलं. पिंग नावाचा हुकूम त्याचा विशेष लाडका. त्याने राउटरला हाक मारायची आणि ओ येते का ते बघायचं.

मग एके दिवशी त्याला आपल्या नेटवर कोण कोण आहे ते दाखवणारा हुकूम सापडला. घरातली सगळी यंत्रं त्याने ओळखली. एक उरलं. त्याला नाव नव्हतं, नुसते आकडे होते.

"अगं, हे कुणाचं डिव्हाइस?" त्याने हॉलमधून विचारलं.

अर्चना फोडणीत गुंतली होती. "मला काय माहीत? तुमचंच असेल काहीतरी जुनंपुराणं."

"नॉट माइन, बाबा," ईराने हेडफोन न काढताच सांगितलं.

"म्हणजे कुणीतरी आपलं नेट वापरतंय. म्हणूनच माझं तुटतं. रोज ऑफिसात सिक्युरिटीवर ईमेल वाचतो आणि चोर घरातच." त्याने राउटरचं पान उघडलं, त्या आकड्यांसमोरचं 'ब्लॉक' दाबलं. "खलास," असं म्हणून तो जेवायला बसला आणि एक पोळी जास्त जेवला.

नेट तुटायचं ते तुटतच राहिलं. दोन-तीन आठवड्यांनी खरं कारण कळलं. लॅपटॉपचं वायफाय कार्डच वीज वाचवायला मधूनमधून डुलकी काढत होतं. एका ओळीच्या हुकमाने ती सवय मोडली. प्रल्हादने ही विजयगाथा ऑफिसात सगळ्यांना ऐकवली, काहींना दोनदा. ब्लॉक केलेल्या डिव्हाइसची आठवण मात्र त्याला राहिली नाही.

ते डिव्हाइस समोरच्या दारातल्या कमरुद्दीनभाईंचं होतं.

कमरुद्दीनभाई मंडणगडकडचे. समोरच्या फ्लॅटमध्ये चारपाच जणांत राहायचे, उम्म अल कुवैनच्या एका वर्कशॉपला कंपनीच्या बसने जायचे. गावी बायको हलिमा अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली. रोज संध्याकाळी सून तिच्यासमोर फोन ठेवायची, आणि इकडे हे आपला जुना टॅब पिठाच्या डब्याला टेकवून स्वयंपाक करायचे. ती बघत राहायची. हे मधेच बांगडा उचलून दाखवायचे, ती उजव्या हाताचं बोट हलवायची. एवढाच त्यांचा संसार उरला होता आणि तो वायफायवर चालला होता.

वायफाय अर्चनाचं होतं. दोन वर्षांपूर्वी तिने त्यांना जिन्यात टॅब घेऊन नेट शोधताना पाहिलं आणि पासवर्ड देऊन टाकला. नवऱ्याला सांगितलं असतं तर सिक्युरिटीवर तासभर प्रवचन झालं असतं, म्हणून सांगितलं नाही. पुढे ती स्वतःही ते विसरून गेली. कमरुद्दीनभाई सुट्टीवरून आले की कोकमाच्या आगळाची बाटली यायची. प्रल्हाद सोलकढी भुरकायचा, आगळ कुठून आलं ते त्याने कधी विचारलं नाही.

नेट बंद पडलं तेव्हा कमरुद्दीनभाईंना वाटलं, सावंतांनी काढून घेतलं. घेतलं तर घेतलं, त्यांचंच होतं. त्यांच्या साध्या मोबाइलवरून नुसतं बोलता यायचं, आणि जिला बोलता येत नाही तिच्याशी फोनवर काय बोलणार? त्यांनी सुनेला सांगितलं, थोडे दिवस नेट नाही. एकदा लिफ्टमध्ये अर्चना भेटली. "भाभी कशा आहेत?" तिने विचारलं. विचारायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने आपणहून दिलेली वस्तू परत घेतली, तर ती कुठल्या तोंडाने मागायची? "अल्लाचा शुकर, चाललंय," म्हणाले आणि आपल्या दाराकडे वळले.

नंतर एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी सावंतांची बेल वाजवली. हातात तो टॅब होता.

"वहिनी, हा ईरासाठी. चित्रंबित्रं काढील. उद्या घरी चाललो, कायमचा."

"अरे वा, भाभींना किती बरं वाटेल," अर्चना म्हणाली.

"हलिमा गेली, वहिनी. मागच्या आठवड्यात." त्यांनी टॅब ईराच्या हातात दिला. "तुमच्या नेटवर दोन वर्षं तिला रोज बघितलं, हे उपकार मी विसरायचो नाय. शेवटी शेवटी बंद झालं, पण तुमचीपण काय अडचण असेल. पोरीचा अभ्यास असतो."

"बंद? कधी बंद झालं?" अर्चनाने विचारलं, आणि विचारता विचारताच तिने मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं.

प्रल्हादच्या डोळ्यांसमोर ते आकडे आले. त्याला अतोनात लाज वाटली. तो लॅपटॉपपाशी गेला, राउटरचं पान उघडलं आणि ब्लॉक काढून टाकला. आता त्याचा काय उपयोग, हे त्यालाही कळत होतं. पण हातांना काहीतरी करायचं होतं.

ईराच्या हातातल्या टॅबने ओळखीचं नेट आपलं आपणच पकडलं. तो टिंग वाजला. पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला.

"मिस्ड कॉल्स," ईरा म्हणाली. "चाचा, सो मेनी. एव्हरी इव्हनिंग."

कमरुद्दीनभाईंनी टॅब घेतला आणि चष्म्याशिवाय लांब धरून पाहिला. "सुनेला सांगितलं होतं मी, नेट नाय म्हणून. पण हलिमाला कोण समजावणार? संध्याकाळ झाली की फोनकडे बोट दाखवायची. मग सून बिचारी लावून बघायची."

"कमरुद्दीनभाई, नेट मी बंद केलं," प्रल्हाद म्हणाला. "मला वाटलं, कुणी चोर आहे."

एकदा, फक्त एकदा आपण याला सांगितलं असतं, एवढंच अर्चनाच्या मनात फिरत होतं.

कमरुद्दीनभाईंनी प्रल्हादकडे पाहिलं. रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

"मीच विचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "दार तर समोरच होतं."

टॅब अजून वाजत होता. ते सोफ्याच्या कडेला बसले आणि तो गप्प होईपर्यंत मांडीवर धरून राहिले. मग उठताना ईराला म्हणाले, "बेटा, तुला मी दुसरं काहीतरी देतो. हा माझ्याकडेच राहू दे."