विझल्यावरची बादली

लग्न होऊन या घरात आल्यापासून मी केस बहिणीकडे जाऊन धुते. हे सांगताना मला लाज वाटत नाही, राग येतो. आमच्या वाटणीची टाकी सकाळी एकदाच भरते आणि माझ्या आंघोळीपर्यंत तळ गाठते. सगळ्यांचे डबे उरकून मी न्हाणीघरात शिरावं, तर नळ खोकायला लागलेला असायचा. त्यात माझे केस कमरेपर्यंत. माहेरी त्यांचं कोण कौतुक होतं, इथे नाकापेक्षा मोती जड.

पाणी कोण पितं हे सगळ्यांना ठाऊक होतं. संडासातलं जुनं भांडं. त्याची साखळी ओढली की बादलीभर पाणी धाडकन कोसळायचं आणि तळमजल्यावरच्या मावशींना जाग यायची. सासऱ्यांनी त्याचं नाव धबधबा ठेवलं होतं. ते अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, त्यामुळे पाण्याला जोर हवा ही त्यांची श्रद्धा. शिवाय त्यांचा एक नियम होता: आग विझली असं वाटलं तरी थांबायचं नाही, वरून आणखी पाणी मारायचं, कारण निखारा आत दबा धरून बसलेला असतो. हा नियम त्यांनी संडासालाही लावला. साखळी ओढून झाली की कोपऱ्यातली भरलेली बादली वरून ओतायची. नवऱ्याला हे लहानपणीच शिकवलेलं, सासूबाईंना त्यांच्या लग्नानंतर आणि मला माझ्या.

यंदा धबधब्याला तडा गेला. मला नाचावंसं वाटलं. नवऱ्याला ओढत दुकानात नेलं आणि कमी पाण्याचं भांडं पसंत केलं. त्याला दोन बटणं, छोट्याने जेमतेम तीन लिटर पाणी येतं, मोठ्याने त्याच्या दुप्पट. प्लंबरने जुनं भांडं उचकटून नेलं तेव्हा सासरे त्याला जिन्यापर्यंत पोचवायला गेले, भांड्याला, प्लंबरला नव्हे. नवं बसल्यावर त्यांनी बटण दाबलं, कान लावून ऐकलं आणि एवढ्याशा पाण्यात उंदीरसुद्धा भिजणार नाही असं जाहीर केलं. प्लंबरने कागदाचे बोळे टाकून ते कसे सरळ वाहून जातात ते दाखवलं. सासऱ्यांनी मान डोलावली. हे पालथ्या घड्यावर पाणी आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिल्याच सुट्टीच्या दिवशी मी बहिणीला फोन करून ऐटीत कळवलं की आजपासून तुझं न्हाणीघर तुला लखलाभ. शाम्पू चोळला, डोळे मिटले, नळ सोडला. नळ खोकला.

गाऊन अडकवून, डोक्यावर फेसाचा मनोरा घेऊन मी बाहेर आले आणि पाणी कोणी संपवलं ते विचारलं. नवरा पंख्याकडे बघू लागला. सासूबाई खोटं बोलत नाहीत. त्यांनी सांगितलं, आधी छोटं बटण दाबते, विश्वास बसत नाही म्हणून मोठं, मग पुन्हा मोठं, आणि शेवटी ह्यांची बादली. नवऱ्याचंही तेच. मी तोंड सोडणार, एवढ्यात सासूबाईंनी विचारलं, ‘‘आणि तू गं?’’ सकाळी मीही ओतली होती. हात आपोआप गेला होता. म्हणजे नव्या भांड्यावरही आम्ही धबधब्याइतकंच पाणी घालवत होतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शाम्पू झोंबला म्हटलं, पण खरंच रडू येत होतं. स्वतःच्या घरात केस धुवावेत, एवढंच तर हवं होतं मला.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि जिन्यात जाऊन अशा आवाजात हाक दिली की सगळी दारं उघडली. बादल्या घेऊन या, खालच्या नळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत रांग लावायची आहे, असा हुकूम होता. लोक घाबरून धावत आले. समोरच्या उंच शेजाऱ्याने, ज्याला सगळे उंटराव म्हणतात, आग कुठे लागली ते विचारलं.

‘‘सुनेच्या डोक्याला,’’ सासरे म्हणाले.

मी दारातून डोकावले तेव्हा सगळे हसले, पण रांग मोडली नाही. खाली नळावर मावशी, मधे उंटराव, नवरा, आणखी कोण कोण. भरलेल्या बादल्या भिंतीच्या बाजूने वर, रिकाम्या कठड्याच्या बाजूने खाली. वरच्या पायरीवर सासरे. प्रत्येक बादली ते दोन्ही हातांनी घेत आणि न्हाणीघराच्या दाराशी आणून ठेवत. माझी एक संपायच्या आत दुसरी हजर असे. फेस गेला तरी बादल्या थांबेनात, शेवटी मलाच ओरडून पुरे म्हणावं लागलं. जिन्यात टाळ्या पडल्या.

मी केस पुसत बाहेर आले तर सासरे खुर्चीत बसून खांदा चोळत होते.

‘‘आमच्या नोकरीत पाणी पाइपातून यायचं,’’ ते म्हणाले. ‘‘त्याला वजन असतं हे आज कळलं.’’

मग ते उठले. संडासात गेले, छोटं बटण दाबलं आणि हाताची घडी घालून पाणी निवळेपर्यंत बघत उभे राहिले. बाहेर आले ते कोपऱ्यातली बादली घेऊनच. आता तिच्यात सासूबाईंनी गुलाब लावला आहे.

पुढच्या सुट्टीला मी मुद्दाम सगळ्यांच्या नंतर आंघोळीला गेले. एक बादली झाली, दुसरी झाली, तिसरी भरायला लावली. नळ खोकला नाही. केस पाठीवर जड झाले होते आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं, म्हणून म्हटलंही. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

‘‘फेस गेला का?’’

‘‘गेला, बाबा.’’

‘‘गेला असं वाटलं म्हणून थांबू नकोस,’’ सासरे बाहेरून म्हणाले. ‘‘वरून आणखी ओत.’’

मी ओतलं.