पाचट्या

माझ्या लहानपणी बिबट्या डोंगरात राहायचा. थाळी वाजवली की पळायचा. मग श्रीगोंद्याकडे जिकडेतिकडे ऊस झाला. बिबट्या उसात उतरला, मादी उसातच व्यायली. तिच्या पोरांच्या पोरांनी डोंगर कधी बघितलाच नाही. अंगावरचे ठिपके लांबट होत होत पट्टे झाले, पाय उंच झाले, पोट सरीतून सरकेल इतकं चपटं झालं. उसाच्या वाळलेल्या पानांत, पाचटात उभा असला तरी दिसायचा नाही. लोक त्याला पाचट्या म्हणू लागले.

त्या दुपारी माझी नातसून जयमाला बांधावर गवत कापत होती. तिच्या तान्ह्या सम्राटची झोळी उसाकडेच्या बाभळीला बांधली होती. मी दाराशी थाळीत तूर निवडत होते.

"आज्जी, तूर निवडताय का मोजताय?" ती हसली.

तेवढ्यात झोळीमागचं पाचट हललं. वारा नव्हता.

"जयमाला, झोळीमागं बघ."

तिच्या हातातला विळा पडला. "थाळी वाजवा आज्जी! लवकर!"

मी तूर सांडली आणि दगडाने थाळी बडवू लागले. पाचट्या पळाला नाही. कान टवकारून तो झोळीकडे आला. मी जोरात बडवलं. तो आणखी पुढे आला.

तेव्हा कळलं. हा ट्रॅक्टरच्या, तोडणीच्या गोंगाटात जन्मलेला. आवाज झाला की उसातून घुशी, ससे बाहेर पळतात, एवढंच त्याला ठाऊक. मी त्याला जेवायला बोलावत होते.

मी थाळी पोटाशी दाबली. झोळीतून सम्राटचा पाय बाहेर आला. पाचट्या त्या पायाकडे बघत होता. जयमालाचे नुसते ओठ हलत होते.

आणि ओढ्यापलीकडे थाळी वाजली. साळूबाईची. आमच्याकडे एका वस्तीवर थाळी वाजली की शेजारच्या वस्तीने वाजवायचीच. लग्न होऊन आले तेव्हापासून ती मला असं उत्तर देते.

पाचट्याचे कान तिकडे वळले. मग तोही वळला आणि ओढ्याच्या दिशेने उसात शिरला.

जयमालाने पोर उचललं. आम्ही घरात शिरून कडी लावली. मी साळूबाईला मोबाईल लावला.

"उचल गं साळे, उचल."

रिंग वाजत राहिली. त्या दणदणाटात तिला काय ऐकू येणार? ओरडून सांगावं म्हणून मी कडीला हात घातला. जयमालाने मनगट धरलं.

"वरडू नका आज्जी. इकडं फिरंल त्यो."

पलीकडची थाळी क्षणभर थांबली. साळूबाई माझ्या उत्तराची वाट बघत असणार. उत्तर आलं नाही, म्हणून ती आणखी जोरात बडवू लागली.