ताठा

पोलक्यावरचा चुन्याचा डाग वाटोळा होता, रुपयाएवढा, आणि बरोबर पाठीच्या मधोमध. मंजुळानं पोलकं खिडकीशी धरून पुन्हा पाहिलं. भिंतीला टाचा, पाठ, डोकं लावून ती इतका वेळ उभी होती, तेव्हा दोन्ही खांद्यांमागे पांढरं उमटायला हवं होतं... उमटलं होतं ते फक्त पोक आलंय तिथं. म्हणजे खांदे भिंतीला टेकलेच नव्हते. आणि मला तर वाटत होतं, मी अगदी सरळ उभी आहे. देवाशपथ वाटत होतं.

खडकीच्या छावणीत मिस पिंटो साहेबलोकांच्या मुलींना बॅले शिकवायच्या. मंजुळाचे वडील तिथंच कारकून, म्हणून लहानपणी तिलाही वर्गात कोपऱ्यातली जागा मिळाली होती. खांदे खाली, मान लांब, बरगड्या आवळून धर, हात पोटापुढे गोल, परडी धरल्यासारखे... आता मिसचे गुडघे गेले होते, मुलींपुढे उभं राहून दाखवायला कुणीतरी हवं होतं, आणि त्यांनी आठवण ठेवून हिलाच बोलावलं. गेल्या आठवड्यात ती गेली. मिसनी एक हात छातीवर, एक पाठीवर ठेवून तिला सरळ केलं. "अशी," म्हणाल्या. आणि मंजुळाला वाटलं, आपण मागच्या मागे पडतोय — तिनं घाबरून त्यांचं मनगटच धरलं. "आठवडाभर सराव कर," मिस म्हणाल्या, "मुली तुझ्याकडे बघून उभ्या राहणार ना." रागावल्या असत्या तर परवडलं असतं. आज पुन्हा जायचं होतं, आणि ही शेवटची संधी.

लग्न होऊन चिंचवडला आली तेव्हा सासूबाई, अंबुबाई, चारचौघींत म्हणाल्या होत्या, "सुनंला ताठा लई हाय." ती नुसती उभी होती. मग तिनंच ठरवलं, कशाला वाद. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घ्यायचा, सासऱ्यांसमोरून अंग चोरून जायचं, एवढंच ना... कुणी मारलं नाही की छळलं नाही, तसं असतं तर निदान भांडता आलं असतं. सरळपणा आपला आहेच, पेटीतल्या पैठणीसारखा, हवा तेव्हा काढू, असं ती वर्षानुवर्षं समजत राहिली. मुद्दाम वाकायची, ती कधी नुसतीच वाकलेली राहिली, ते कळलंच नाही. कसली मूर्ख मी.

दुसरं पोलकं घालून ती मागल्या दारात आली. "दुपारच्या दुपारी येणार असशील तर जा," असं सांगून नवरा कारखान्यात गेला होता. बोळाकडे पाठ करून, डोक्यावर पदर तसाच ठेवून तिनं एकदा सगळं जुळवलं — टाचा, कंबर, बरगड्या, खांदे, मान. जमलं. आता मात्र नक्की जमलं.

"अंबुबाई, चाळण द्या की वाईच."

शेजारच्या शालनबाईचा आवाज. मंजुळा वळली.

"आगं बया, तू व्हय," शालनबाई हसली. "पाठमोरी सासूच दिसतीस की."

अंबुबाई आपल्या वाकल्या पाठीनं चाळण घेऊन बाहेर आल्याच होत्या. त्यांनी सुनेला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, आणि कधी नव्हे तो तिच्या पाठीवर हात ठेवला, नेमका त्या पोकावर.

"मग? लेकच हाय माजी," त्या म्हणाल्या. "ताठा गेला समदा."

हात जड होता, चुलीची ऊब असलेला. मंजुळानं रागाची वाट पाहिली... आता येईल, आता आलाच पाहिजे. शालनबाई चाळण घेऊन गेली. खडकीला निघायची वेळ टळत चालली होती, ते तिला कळत होतं, पण लांबच्या कुणाची तरी वेळ असावी तसं. इथं पडायची भीती नव्हती. खांदे हळूहळू पुढे आले, हनुवटी उतरली, आणि मला बरं वाटलं — बाई गं, किती बरं वाटलं, आणि हा हात त्यांनी काढू नये असं वाटत राहिलं.