माझ्या डोक्यावरच्या वाट्या

मी फ्रिज बोलतोय. परळच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, प्रिती गमरेच्या भाड्याच्या खोलीत उभा असतो. असतो म्हणजे उद्यापर्यंत. उद्या सकाळी दोन माणसं येऊन मला उचलून नेणार आहेत. आज माझी वायर काढली, पोट पुसलं आणि दार उघडू नये म्हणून कमरेला दोरी बांधली. फ्रिजची चरित्रं कुणी लिहीत नाही, त्यामुळे जाता जाता मीच बोलून घेतो. प्रिती तर कुणाला काही सांगणार नाही. तिला आठवा महिना आहे आणि तिचं एकच म्हणणं असतं, "माझं बरं चाललंय."

जन्म माझा कुठल्यातरी कारखान्यात झाला, पण शुद्धीवर आलो तो दादरच्या दुकानात. आजूबाजूला माझेच भाऊबंद, प्रत्येकाच्या छातीवर ऑफरचा कागद. प्रिती आणि राकेश, नवं लग्न झालेलं जोडपं, दिवाळीच्या आधी आले. राकेशचा डोळा डबल डोअरवर होता. प्रितीनं मात्र माझं दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाली, हा पुरे. हप्ते तिच्या पगारातून कापायचं ठरलं. म्हणजे मी त्या घरात शिरलो तोच कर्ज म्हणून. पण दीड वर्षात तिनं एकही हप्ता चुकवला नाही. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी तिनं श्रीखंड आणून माझ्यात ठेवलं आणि माझ्या दारावर हात फिरवत म्हणाली, "आता तू आमचा." मला फार बरं वाटलं होतं.

चाळीत एका खोलीतला फ्रिज हा अख्ख्या मजल्याचा असतो, हे मला तिथे गेल्यावर कळलं. कुणाचं इडलीचं पीठ, कुणाचे बोंबील, कुणाच्या पाहुण्यांसाठी बर्फ. दारावर टकटक न करता माणसं यायची, माझ्यात हात घालायची आणि जायची. शेजारची बकुळामावशी तर सगळ्यांत पुढे. ती सुनेकडे राहते, गुडघे दुखतात, जीभ तिखट आहे. तिनं ठेवलेल्या भांड्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. मीही कुरकुरायचो, पण भरल्या पोटानं कुरकुरण्यात एक सुख असतं.

प्रिती आणि राकेश एकाच खासगी हॉस्पिटलात कामाला होते. ती बिलांच्या खिडकीवर, तो ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस. तिथल्या कामगारांची पतसंस्था आहे. कर्ज हवं असेल तर दोन जामीनदार लागतात, आणि तिथली रीत अशी की जेवणाच्या सुट्टीत अर्ज पुढे आला की सही करायची. आज मी तुझ्यासाठी, उद्या तू माझ्यासाठी. अर्जावर आकडा किती, हे वाचत बसणं म्हणजे समोरच्याचा अपमान. राकेशनं खोलीच्या दुरुस्तीसाठी म्हणून कर्ज काढलं, तेव्हा एक सही प्रितीनं केली, कारण तो नवरा होता. दुसरी सही त्याचा मित्र जगदीशनं केली, कारण जगदीशच्या मुलीच्या आठवीतल्या शाळाप्रवेशाच्या वेळी राकेशनं त्याला सही दिली होती. दोघांनीही आकडा वाचला नाही.

खोलीची दुरुस्ती कधी झालीच नाही. राकेशचा पैसा मोबाइलवरच्या शेअर बाजारात गेला. तो माझ्यातून थंड पाण्याची बाटली काढायचा आणि दार उघडं टाकूनच मोबाइलकडे बघत उभा राहायचा. गार वाफ निघून जायची, माझी मोटर धापा टाकायची, त्याला पत्ता नसायचा. माणूस फ्रिजचं दार कसं लावतो यावरून मला त्याच्या मनातलं थोडंफार कळतं. त्या दिवसांत राकेश दार लावायला विसरायला लागला होता.

बाळाचं कळलं तेव्हा तो खूष झाला, ते खोटं नव्हतं. त्यानं पेढे आणले, मजल्यावर वाटले, उरलेले माझ्यात ठेवले. पंधरा दिवसांनी गावी जाऊन येतो म्हणून निघाला. जाताना माझ्यातली पाण्याची बाटली घेऊन गेला. फोन बंद झाला आणि मागून हॉस्पिटलात त्याच्या राजीनाम्याचा मेल आला. त्यानं ॲपवरूनही कर्जं काढली होती. त्यांची वसुलीची माणसं प्रितीला, तिच्या साहेबांना, मजल्यावरच्या बायकांना फोन करून घाणेरडं बोलायची. ते फोन हळूहळू थांबले. पतसंस्थेचं मात्र थांबण्यासारखं नव्हतं. राकेशच नाही म्हटल्यावर वसुली जामीनदारांच्या पगारातून सुरू झाली, निम्मी प्रितीच्या आणि निम्मी जगदीशच्या.

तेव्हापासून मी रिकामा होत गेलो. आधी लोणी गेलं, मग दही, मग फळं. डॉक्टरणीनं रोज अंडं खायला सांगितलं होतं. प्रिती दोन अंडी आणायची आणि आठवडाभर पुरवायची. शेजारी विचारायचे, जेवलीस का? ती म्हणायची, हो, आत्ताच. ती जेवली नाही हे फक्त मला माहीत असायचं, आणि मला तोंड नाही. विजेचं बिल वाचावं म्हणून ती कामावर जाताना माझं बटण बंद करायची, तेव्हा मजल्यावरच्यांनीही आपापली भांडी नेली. एवढी काटकसर करूनही खोलीचं भाडं थकलं. घरमालकानं सांगून टाकलं, महिनाअखेर थकलेलं सगळं द्या, नाहीतर खोली सोडा. प्रितीला माहेर उरलेलं नाही, आणि सासरच्यांनी हात वर केलेले. ही खोली गेली तर बाळाला घेऊन जायला जागाच नव्हती.

अशात एका रविवारी जगदीश आला. मी त्याला याच खोलीत, राकेशच्या लग्नाच्या वाढदिवसाला नाचताना पाहिलं होतं. आता तो स्टुलाच्या कडेला बसला. मग म्हणाला, "वहिनी, शिव्या द्यायला नाही आलो. पण माझी पोरगी दहावीला आहे. क्लासवाल्यानं तिला घरी पाठवलंय. राकेशच्या कर्जातला माझ्या वाट्याचा भाग तुम्ही घ्याल का? शेवटी तो तुमचा नवरा."

प्रितीनं माझ्यातून बाटली काढून त्याला पाणी दिलं. मला वाटलं, ही आता हो म्हणणार, कारण ती हो म्हणणाऱ्यांतलीच आहे.

"नाही घेऊ शकत, जगदीशदादा," ती म्हणाली. "तुम्ही वाचलं नाही, मीपण वाचलं नाही. माझ्या सहीचं मी भरतेय. तुमचं घेतलं तर हे कुठे ठेवू?" तिनं पोटावर हात ठेवला.

जगदीशनं मान हलवली, पेला स्वतः विसळून ठेवला आणि गेला. वाईट माणूस नव्हे तो. पण त्यानंतर हॉस्पिटलात तो तिच्याशी बोलायचा बंद झाला, हे एवढंच तिनं बकुळामावशीला सांगितलं. तिच्या जिवाला ते फार लागलं होतं. त्या दिवसापासून तिनं मनाशी काहीतरी पक्कं केलं असावं. कुणाकडून काही घ्यायचं नाही, कुणाचं काही देणं ठेवायचं नाही.

बकुळामावशी मात्र खमकी. दुपारी माझं बटण बंद असतं हे तिनं ओळखलं होतं, आणि माझ्यात काही नसतं हेही. तोंडावर विचारलं तर ही पोरगी नाहीच म्हणणार. मग तिनं जुनी चाळीची रीत पुढे केली. एका संध्याकाळी झाकलेली वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "ठेव गं तुझ्या फ्रिजात, आमच्याकडे जागा नाही. उद्यापर्यंत नाही नेली तर खाऊन टाक, वाया नको जायला." वाटीत सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी. दुसऱ्या दिवशी ती न्यायला आली नाही. नंतर मटकीची उसळ आली, मग उकडलेली अंडी, मग खिमा. एकदाही न्यायला आली नाही. मला इतकं हसू यायचं! तिच्या घरी माझ्याहून मोठा फ्रिज आहे, सुनेनं गेल्याच वर्षी घेतलाय.

प्रिती खायची. उशिरा, भिंतीला टेकून, हळूहळू. बाळ आतून लाथ मारायचं तेव्हा थांबायची. पण खरी पंचाईत नंतर व्हायची. आपल्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. काहीच नसेल तर निदान चमचाभर साखर तरी घालून देतात. प्रितीच्या डब्यात साखर चहापुरती. वाटीत घालायची काय, आणि रोज रोज घालायची कुठून? मग ती वाटी घासायची, पुसायची आणि पगार झाला की भरून देऊ म्हणून माझ्या डोक्यावर ठेवायची. पगार व्हायचा, कापला जायचा, आणि एक वाटी आणखी चढायची. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली वाट्यांची उतरंड उभी राहिली. राकेशच्या कर्जापेक्षा तिला त्या वाट्या जड झाल्या होत्या, असं मला वाटतं. झोपण्याआधी ती त्यांच्याकडे बघायची आणि तोंड फिरवायची.

बकुळामावशीला हे ठाऊक नव्हतं. तिच्या सुनेनं, सलोनीनं, एका सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना मोठ्यानं म्हटलं, की आमच्या घरात आमटी वाढायला वाटी उरली नाही, भांडी जातात ती येतच नाहीत. प्रिती दारामागे उभी होती. त्या संध्याकाळी मावशी डबा घेऊन आली, तेव्हा प्रिती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, फ्रिज बिघडलाय मावशी, काही राहत नाही त्यात. मी धडधाकट चालू होतो. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यावर असा आळ आला.

मावशीही मानी. तिला वाटलं, पोरीला आपलं येणं नकोसं झालं. ती यायची थांबली. पुढचे काही आठवडे मी फार वाईट पाहिले. प्रिती चहात पाव बुडवून खायची आणि पाणी पिऊन झोपायची. तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरणीनं बाळाचं वजन कमी आहे म्हणून सांगितलं. ते ऐकून आली त्या दिवशी माझं दार उघडून तशीच उभी राहिली. माझ्यात काही नव्हतं, फक्त पाणी आणि कॅल्शियमच्या गोळ्या. मला लाज वाटली.

महिनाअखेर जवळ आली तसं तिनं घरात काय विकण्यासारखं आहे ते पाहिलं. सोनं राकेशनं आधीच नेलं होतं. हप्ते पूर्ण फेडलेली, जिच्यावर कुणाचा हक्क नाही अशी वस्तू एकच होती, ती मी. लालबागच्या जुन्या मालाच्या दुकानदारानं येऊन माझं दार उघडून पाहिलं, भाव पाडला. थकलेलं भाडं आणि एक महिना पुढचं निघेल एवढे पैसे ठरले. प्रिती म्हणाली, न्या.

आणि आज संध्याकाळी, मघाशीच, बकुळामावशी आली. फ्रिज विकल्याचं तिनं जिन्यात ऐकलं होतं. भांडायच्या तयारीनंच आली होती. म्हणाली, चांगला चालता फ्रिज बिघडलाय म्हणतेस आणि विकतेस, मला काय खुळी समजतेस? बोलता बोलता तिची नजर जमिनीवर गेली. मला हलवायचं म्हणून प्रितीनं माझ्या डोक्यावरच्या वाट्या खाली काढून ठेवल्या होत्या. घासलेल्या, पुसलेल्या, एकात एक बसवलेल्या, सगळ्याच्या सगळ्या.

मावशी गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसली आणि वाट्या चाचपायला लागली.

"परत का नाही दिल्यास?"

"रिकाम्या कशा देऊ मावशी?" प्रिती म्हणाली. "घालायला काहीच नव्हतं."

मावशीनं पदर पुढे पसरला. "घाल इथे. रिकाम्याच घाल. मी काय सावकार आहे तुझी?"

प्रिती हलेना. मावशी पदर धरून बसून राहिली. शेवटी प्रिती वाकली, पोट सांभाळत, आणि तिनं पहिली वाटी उचलून पदरात ठेवली, मग दुसरी, मग सगळी उतरंडच. राकेश गेला तेव्हा ती रडली नव्हती, जगदीश गेला तेव्हाही नाही. आता रडली. मावशीनं तिला गप्प केलं नाही. वाट्या घेऊन घरी गेली आणि त्यांतलीच एक भरून परत घेऊन आली. माझं दार बांधलेलं होतं. ठेव गं तुझ्या फ्रिजात, असं म्हणायची सोय नव्हती. तिनं ती प्रितीच्या हातात दिली आणि समोर बसून राहिली, ती संपेपर्यंत.

प्रितीचं कर्ज फिटलेलं नाही. पुढच्या महिन्याचा पगारही कापूनच येईल, आणि त्याच्या पुढचाही. बाळाचं वजन वाढायला किती दिवस उरलेत, मला माहीत नाही. मी उद्या लालबागला जाईन, तिथून कुणाच्या घरी ते दैवाला ठाऊक. प्रिती, मी काही मागत नाही तुझ्याकडे. रोज संध्याकाळी दारावर टकटक होईल, तेवढं दार उघड. आणि वाटी रिकामी परत दे.